तारनाक्याची प्रयोगशाळा, मीर आलमकाठचा वर्ग

तारनाक्याच्या चौकातून एक रस्ता उस्मानिया विद्यापीठाकडे जातो, एक सिकंदराबादकडे आणि एक हबसीगुडा-उप्पलकडे. हा तिसरा रस्ता वरवर पाहता हैदराबादच्या इतर कुठल्याही रस्त्यासारखाच आहे. तीच रिक्षांची गर्दी, त्याच इराणी चहाच्या टपऱ्या, डोक्यावरून जाणारी मेट्रो. पण या रस्त्यालगतच्या कुंपणांआड देशातलं मोठं विज्ञान चाललेलं असतं. निजामाच्या राजवटीत 1944 मध्ये सुरू झालेली आणि आज आयआयसीटी म्हणून ओळखली जाणारी रसायनशास्त्राची संस्था इथेच आहे. तिच्याच कुशीत 1977 मध्ये जन्मलेली पेशीविज्ञानाची सीसीएमबी शेजारी आहे, पुढे भूभौतिकीची एनजीआरआय आहे. राष्ट्रीय पोषण संस्थाही तारनाक्यालाच, जामे उस्मानियाजवळ. एवढ्याशा टापूत एवढ्या प्रयोगशाळा क्वचितच सापडतील.

यातल्या सीसीएमबीचं एक नातं शहराच्या पार दुसऱ्या टोकाशी आहे, मुसी नदीपलीकडच्या बहादूरपुऱ्यातल्या नेहरू प्राणिसंग्रहालयाशी. सहल घेऊन येणाऱ्या आपल्या शिक्षकांनी हे नातं ओळखावं, यासाठी हा लेख लिहिला आहे.

आधी जागेची ओळख. हैदराबादकर तिला सरळ ‘झू पार्क’ म्हणतात. पूर्वी शहरातले प्राणी बाग-ए-आम म्हणजे पब्लिक गार्डनमध्ये ठेवले जात. 6 ऑक्टोबर 1963 रोजी मीर आलम तलावाच्या काठी नवं प्राणिसंग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. क्षेत्रफळ सुमारे 380 एकर. पिंजऱ्यांपेक्षा खंदकांवर इथे भर दिला गेला, त्यामुळे वाघ-सिंह आणि माणूस यांच्यामध्ये गजांऐवजी खोल चर आणि मोकळी हवा असते. 1974 मध्ये सिंहांची सफारी सुरू झाली, ती भारतातली पहिली मानली जाते. शेजारचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याचा बांध सरळ भिंतीचा नाही. अर्धवर्तुळाकार दगडी कमानींची रांग पाण्याचा दाब पेलून धरते. हिवाळ्यात या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात. इतिहास, भूगोल, भूमिती आणि जीवशास्त्र एकाच आवारात शिकवायचं असेल तर याहून चांगली जागा शोधावी लागेल.

नांदेड, परभणी, लातूर, धाराशिवकडच्या शाळांना हैदराबाद परकं नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या आठवणींत हे शहर असतंच. शहरातही मराठी शिक्षणाची जुनी परंपरा आहे. 1907 ची विवेकवर्धिनी ही त्या परंपरेतली संस्था. दरवर्षी दिवाळी सरली की सहलीच्या गाड्या निघतात. चारमिनार, सालारजंग, गोवळकोंडा आणि त्यातच कुठेतरी दीड-दोन तासांचं झू पार्क. या दोन तासांत सर आणि बाई सतत डोकी मोजत असतात. कोण मागे राहिला, कोणाची बाटली हरवली, कोणाला उन्हाने चक्कर आली. मुलं वाघ, हत्ती, जिराफ बघून येतात आणि वहीत लिहितात, ‘आम्ही वाघ, हत्ती, जिराफ पाहिले.’ दोष शिक्षकांचा नाही. साठ मुलांची जबाबदारी अंगावर असताना शिकवायला सवड कुठून मिळणार? पण वर्षभर पैसे साठवून आलेल्या मुलाच्या पदरात एवढंच पडावं, याची हळहळ वाटते.

परदेशात या प्रश्नाला काही गावांनी सरळ उत्तर दिलं. त्यांनी शाळाच प्राणिसंग्रहालयाला जोडली. लॉस एंजेलिसमध्ये नॉर्थ हॉलिवूड हायस्कूलचा असा विभाग 1981 पासून तिथल्या प्राणिसंग्रहालयालगत चालतो. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात अ‍ॅपल व्हॅली इथे 1995 मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांसाठी पर्यावरणाची शाळा निघाली, तीही प्राणिसंग्रहालयाच्या आवारात. लोक तिला ‘झू स्कूल’च म्हणतात. तिथे भाषा, समाजशास्त्र आणि विज्ञानाचे शिक्षक मिळून एकच विषय शिकवतात. एखादं तळं घेतलं की त्याचं पाणी तपासायचं, त्याचा इतिहास शोधायचा, त्यावर लिहायचं, असं सगळं एकत्र. विज्ञानाच्या बाईंचं आणि भाषेच्या सरांचं वेळापत्रक एक होणं हाच त्या शाळेचा खरा पाया आहे.

हैदराबादेत तशी शाळा उभी राहिलेली नाही. मात्र तिला लागणारं सामान शहरात तयार आहे, आणि ते बरंचसं तारनाक्याच्या संस्थेने पुरवलं आहे. संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या संवर्धनासाठी सीसीएमबीने अत्तापूरला वेगळी प्रयोगशाळा काढली. तिचं नाव लॅकोन्स. सीसीएमबीचे शास्त्रज्ञ डॉ. लालजी सिंग यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली, आणि 2007 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी ती राष्ट्राला अर्पण केली. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याआधीच, 2006 मध्ये कृत्रिम रेतनातून चितळाचं पाडस जन्माला घातलं, त्याचं नाव स्पॉटी. पुढच्याच वर्षी काळविटाचं पाडस आलं, त्याचं नाव ब्लॅकी. केस, कातडं किंवा मांसाचा तुकडा तपासून तो कोणत्या प्राण्याचा हे डीएनएवरून ओळखण्याची पद्धतही याच शास्त्रज्ञांनी बसवली. शिकारीच्या खटल्यांत तिचा उपयोग होतो.

माझ्या मते शिक्षकांनी सगळ्यात आधी जवळ करावा असा प्राणी म्हणजे पिसोरी. आपल्या सह्याद्रीतही हे हरीण आहे, पण पाहिलेली माणसं थोडी. उंची जेमतेम वीतभर-दीडवीत, वजन तीन-चार किलोंच्या आसपास, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. शिंगं नाहीत. नराच्या वरच्या जबड्यातून मात्र बारीक सुळे खाली येतात. रवंथ करतं, पण पोटाचे कप्पे गाईसारखे चार नाहीत, तीनच. दिवसा पालापाचोळ्यात असं बसतं की दोन पावलांवरून दिसू नये. 2010 मध्ये या प्राणिसंग्रहालयात लॅकोन्स, वनखातं आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण यांनी मिळून पिसोरींची पैदास सुरू केली. मोजक्या प्राण्यांपासून कळप वाढला, आणि त्यातल्या काहींना पुढे नल्लमलाच्या रानात, अमराबाद व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आलं. प्राणी कोंडून का ठेवायचे, असं मुलं विचारतातच आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. त्या वेळी शिक्षकाच्या हाती हे एक खरं उत्तर असतं. ते सगळ्या पिंजऱ्यांना लागू पडत नाही, हेही मुलांना सांगावं. एखादा प्राणी एकाच वाटेने तासन्‌तास येरझाऱ्या घालताना दिसला तर तिथून मुलांना घाईने पुढे नेऊ नये. तिथे थांबून बोलावं.

दुसरा धडा सिंहांचा. एप्रिल 2021 च्या अखेरीस इथल्या काही सिंहांना खोकला आला, नाकं वाहू लागली, खाणं कमी झालं. त्यांना गुंगी देऊन नाका-घशातले नमुने घेतले गेले आणि ते लॅकोन्सकडे गेले. 4 मे रोजी कळलं की आठ आशियाई सिंहांना कोरोना झाला आहे. सिंह बरे झाले. आज नववी-दहावीत असलेल्या मुलांनी त्या वर्षी घरीच बसून शाळा केली, नाकात काडी घालून घेतली, ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकला. त्यांना सिंहांपुढे उभं करून विषाणू माणसातून प्राण्यात आणि प्राण्यातून माणसात कसा जातो हे सांगायला पुस्तक लागत नाही.

तिसरी जागा निशाचर प्राण्यांचं दालन. तिथे दिवस-रात्र उलटे केलेले असतात. बाहेर ऊन असताना आत अंधूक उजेड ठेवतात आणि रात्री दिवे लावतात, म्हणजे घुबडं, वटवाघळं, लोरिस आपल्या वेळेला जागे असतात. आत शिरताच मुलं ‘काहीच दिसत नाही’ म्हणून ओरडतात. शिक्षकाने फक्त ‘पाच मिनिटं गप्प उभे राहा’ एवढं सांगावं. डोळे सरावतात, आधी हालचाल जाणवते, मग डोळ्यांची चमक, मग आख्खा प्राणी. काळोखात स्वतःचे डोळे कसे बदलतात हा प्रयोग मुलं स्वतःवरच करून बघतात.

काळविटांसमोर वही काढावी. चार मुलांनी मिळून एकच प्राणी निवडायचा आणि दर मिनिटाला तो काय करतोय ते वीस मिनिटं लिहायचं: चरतोय, उभा आहे, वास घेतोय, दुसऱ्याला हुसकावतोय. पूर्ण काळा झालेला नर डोळ्याजवळची ग्रंथी काडीवर घासताना दिसला तर तो आपली हद्द आखतोय. हे कोणी सांगण्याआधी एखाद्या मुलाने लिहून ठेवलं तर त्या सहलीचं सोनं झालं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासकही असेच वही-घड्याळ घेऊन बसतात.

शिक्षकाला एकट्याने हे सारं पेलायचं नसतं. प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेच्या 2009 च्या नियमांनुसार मोठ्या प्राणिसंग्रहालयाला शिक्षण अधिकारी, जीवशास्त्रज्ञ आणि पशुवैद्य नेमावे लागतात. आधी पत्र धाडलं की बोलायला माणूस मिळू शकतो. सीसीएमबीसारख्या प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआरने आणि केंद्रीय विद्यालय संघटनेने 6 जुलै 2017 रोजी ‘जिज्ञासा’ उपक्रम सुरू केला. प्रयोगशाळांची दारं विद्यार्थ्यांसोबत शिक्षकांनाही उघडावीत हा त्याचा हेतू, आणि तारनाक्याच्या सीएसआयआर संस्था त्यात आहेत. अशा जागा काय करू शकतात याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. पुण्यात कात्रजच्या सर्पोद्यानाने 1986 पासून नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने सापांविषयीची भीती कमी करण्याचं काम केलं. तिथून सापाची माहिती घेऊन परतलेल्या मुलांनी घरच्या मोठ्यांना समजावलं.

म्हणून शाळांना एक विनंती आहे. हैदराबादच्या सहलीत ठिकाणांची यादी छाटा आणि झू पार्कला पूर्ण सकाळ द्या. मुलांना नेण्याआधी एका शिक्षकाने एकट्याने येऊन तीन जागा नक्की कराव्यात. पाहुण्यांची वर्दळ वाढण्याआधी, दार उघडताच आत शिरा. तारनाक्याहून येणाऱ्यांनी मेट्रोने परेड ग्राउंडला गाडी बदलून एमजीबीएसपर्यंत जावं, तिथून बस किंवा रिक्षा मिळते. 2 ते 8 ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह, आणि प्राणिसंग्रहालयाचा वाढदिवस त्यातच येतो. सोमवारी मात्र झू पार्क बंद असतं, एवढं सहलीची तारीख ठरवताना लक्षात ठेवा.