समजून घ्या : सर्व्हर कोसळला, पुरावाही हाती लागला, मग कारण का सापडत नाही?

तिकीट काढताना किंवा पैसे पाठवताना ॲप मध्येच थांबते. कधी कधी त्यामागे दूर कुठेतरी एखादा लिनक्स सर्व्हर कोसळलेला असतो. तो पुन्हा सुरू करता येतो. पण कोसळला का, हे कळले नाही तर उद्या पुन्हा तेच!

पुरावा कसा जपतात?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तोच पडला तर नोंद करायला कोणी उरत नाही. म्हणून लिनक्समध्ये २००५ पासून ‘केडम्प’ ही सोय आहे. मेमरीचा एक कोपरा आधीच राखून ठेवतात. मुख्य कर्नल पडताच तिथून दुसरा कर्नल सुरू होतो आणि मेमरीतील माहिती फाइलमध्ये उतरवतो. हा ‘क्रॅश डम्प’ म्हणजे घटनास्थळाचा पंचनामाच.

चूक कुठे होते?

कर्नल आभासी पत्ते वापरतो. डम्पमधली माहिती मात्र मेमरीच्या प्रत्यक्ष पत्त्यांनुसार असते. बहुतांश मेमरीसाठी आभासी पत्त्यातून एक ठरावीक आकडा वजा केला की प्रत्यक्ष पत्ता मिळतो. डम्प वाचणाऱ्या साधनांत हा आकडा पूर्वी थेट लिहून ठेवलेला असे. ‘देवळापासून दहावे घर’ असा हा पत्ता. पण देऊळच हलले तर?

देऊळ का हलले?

सुरक्षेसाठी. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर २०१६ मध्ये लिनक्स ४.८ पासून हा आकडा दर वेळी संगणक सुरू होताना बदलण्याची सोय आली. हल्लेखोराला मेमरीतील जागेचा अंदाज येऊ नये, हा हेतू. २०१८ च्या अखेरीस ४.२० आवृत्तीत तर मूळ आकडाच ५१२ जीबीने पुढे सरकला. जुना आकडा धरून बसलेले साधन मग ‘पत्ता अवैध’ म्हणत थांबते किंवा भलत्याच जागेचा मजकूर दाखवते. दुसरी शक्यता अधिक घातक, कारण तपास चुकीच्या दिशेने जातो.

दुरुस्ती काय?

जुन्या आकड्याच्या जागी नवा लिहिणे ही तात्पुरती मलमपट्टी. टिकाऊ उपाय म्हणजे आकडा डम्पमधूनच काढणे. फाइलच्या सुरुवातीच्या तक्त्यात मेमरीच्या प्रत्येक भागाचे आभासी आणि प्रत्यक्ष असे दोन्ही पत्ते असतात. समजा, ते ११०० आणि १०० आहेत. वजाबाकी केली की आकडा १०००. ‘मेकडम्पफाइल’ हे साधन याच पद्धतीने आकडा काढते. मात्र कर्नलच्या स्वतःच्या कोडचा हिशेब वेगळा असल्याने ती नोंद वगळावी लागते.

काळजी काय घ्यावी?

कर्नल अपडेट केल्यावर डम्प वाचणारी साधनेही अपडेट करावीत. चाचणीच्या मशीनवर मुद्दाम क्रॅश घडवून डम्प उघडतो का, ते पाहावे. खऱ्या बिघाडाचा पंचनामा एकदाच मिळतो; तो वाचता येत नाही, हे त्या रात्री कळून उपयोग नसतो.