मंद इंटरनेटची घरगुती प्रयोगशाळा



कडोदऱ्यात क्षणात उघडणारी फाईल सुट्टीत मामाच्या गावी उघडेलच असे नाही. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे खानदेशात आहेत. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा भागात डोंगरातल्या पाड्यांवर रेंज अपुरी पडते. आपण बनवलेले वेबपान तिथे कसे चालेल, हे घरी बसून तपासता येते. त्यासाठी चांगले इंटरनेट मुद्दाम मंद करावे लागते.

मंदपणाचे तीन प्रकार आहेत.

१) कमी वेग : फोटो ३ मेगाबाइटचा, म्हणजे २४ मेगाबिटचा आहे असे समजू. सेकंदाला २०० किलोबिट वेग मिळाला, तर तो उतरायला १२० सेकंद लागतील.

२) उशीर : मागणी जाऊन उत्तर येईपर्यंतचा वेळ. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. मागणी वर-खाली आणि उत्तर वर-खाली, एवढ्या प्रवासाला प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद लागतो. वेग भरपूर असला तरी हा उशीर टळत नाही.

३) गळती : माहिती लहान लहान पॅकेटांतून जाते. काही वाटेत हरवतात व पुन्हा मागवावी लागतात. फोनवरचा आवाज तुटतो तो बऱ्याचदा यामुळे.

सोपा प्रयोग असा. संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून 'नेटवर्क' विभाग उघडा. तिथे थ्री-जीसारखे मंद वेग निवडता येतात, स्वतःचे आकडेही भरता येतात. मात्र हा मंदपणा फक्त त्या पानापुरता असतो.

फोनवरची अॅप तपासायची असतील तर जुना संगणक उपयोगी पडतो. त्यात लिनक्स आणि दोन नेटवर्क कार्डे हवीत. एक कार्ड इंटरनेटकडे, दुसरे जुन्या वाय-फाय राउटरकडे जोडा आणि फोन त्या राउटरवर घ्या. लिनक्समधील 'नेटेम' या सोयीला ३०० मिलिसेकंद उशीर, २०० किलोबिट वेग, २ टक्के गळती असे सांगता येते. नेटेम कार्डातून बाहेर पडणाऱ्या पॅकेटांवर चालते. म्हणून फोनवर उतरणारी माहिती मंद करायला ते राउटरकडच्या कार्डावर लावावे.

प्रयोगापूर्वी फोनचा मोबाईल डेटा बंद करा. दर वेळी ब्राउझरची साठवण पुसा, नाहीतर जुनीच प्रत पटकन उघडेल. एका वेळी एकच आकडा बदला. पहिला मजकूर कधी दिसला आणि पान पूर्ण कधी उघडले, ते वहीत नोंदवा. शेवटी नेटेम काढायला विसरू नका.

मोठ्या कंपन्याही हे करतात. फेसबुकने ऑक्टोबर २०१५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी 'टू-जी मंगळवार' सुरू केला. मंगळवारी एक तास टू-जीच्या वेगाने अॅप वापरून पाहण्याची सोय त्यात होती.

पालक व विश्वस्तांनीही हा हिशेब पाहावा. परीक्षेच्या सूचनेचा ३ मेगाबाइटचा फोटो मंद फोनवर दोन मिनिटे घेतो. तोच मजकूर टाइप केला तर पाचशे अक्षरे काही किलोबाइटांत मावतात आणि सूचना लगेच वाचता येते. गावची रेंज सतत कमी-जास्त होते, त्यामुळे घरचा प्रयोग तिची हुबेहूब नक्कल नव्हे. पण जे पान इथे मंद वेगावर अडते, ते तिथेही अडणार. पाठवण्यापूर्वी एकदा तपासले, तर गावी गेलेल्या मुलाची सूचना चुकणार नाही.