‘मी एकदम ओके’ असं थकलेला मेंदू का सांगतो? भुसावळच्या नाईट ड्युटीतून समजून घ्या

रात्रीचे अडीच. भुसावळ जंक्शनवर एक गाडी सुटतेय, दुसरी सिग्नलची वाट बघतेय. मुंबईहून आलेली लाईन इथे फुटते. एक खंडवा-इटारसीकडे जाते, दुसरी अकोला-नागपूरकडे. त्यामुळे गाव झोपलेलं असतं तेव्हाही इथल्या अनेक घरांतलं कोणी ना कोणी ड्युटीवर असतं. कोणी लोको पायलट, कोणी स्टेशन मास्तर, तर कोणी दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात.

अशा माणसाला विचारा, “थकलात का?” उत्तर ठरलेलं असतं, “नाही हो, सवय झालीये.”

पण सवय खरंच होते का?

इंजिन विचारत बसत नाही

रेल्वेच्या इलेक्ट्रिक इंजिनात व्हीसीडी नावाचं एक उपकरण असतं. साधारण ६० सेकंद चालकाने कोणतंही बटण, हँडल किंवा पेडल वापरलं नाही, तर आधी दिवा लुकलुकतो. मग बझर वाजतो. तरीही प्रतिसाद नाही मिळाला, तर ब्रेक आपोआप लागतात.

‘झोप येतेय का?’ असं हे उपकरण विचारत नाही. ते फक्त हालचाल मोजतं. यामागचं कारण आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे.

मेंदू स्वतःला फसवतो

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही निरोगी लोकांना सलग १४ दिवस रोज फक्त ४ किंवा ६ तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष आणि प्रतिसादाचा वेग दिवसेंदिवस घसरत गेला. शेवटी तो एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखा झाला.

पण ‘किती झोप येतेय?’ या प्रश्नाची त्यांची उत्तरं मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. काम बिघडत होतं आणि त्यांना वाटत होतं, जमतंय की!

म्हणजे आपण ज्याला सवय म्हणतो, ती बऱ्याचदा थकवा जाणवणं कमी झाल्याची खूण असते.

शरीराचं टाइमटेबल

शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं. ते कसं चालतं याच्या शोधासाठी २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या घड्याळानुसार मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत सावधपणा सगळ्यात कमी असतो. दुपारी जेवणानंतरही एक छोटी घसरण येते.

नाईट करून आलेल्याला दिवसा झोपावं लागतं. पण भुसावळचा मे महिना आठवा, पारा ४५ च्या आसपास! गाढ झोपेसाठी शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं. तापलेल्या स्लॅबखाली ते उतरत नाही. त्यात दाराची बेल, भाजीवाल्याची हाक, मोबाईल. अंथरुणात ७ तास काढले तरी झोप ४ तासांचीच होते.

रेल्वेच्या नियमांत लोको पायलटना ८ तास किंवा जास्त ड्युटीनंतर मुख्यालयात १६ तास आणि बाहेरगावी ८ तास विश्रांती सांगितली आहे. पण विश्रांतीचे तास म्हणजे झोपेचे तास नव्हेत. आंघोळ, जेवण, बाजार, मुलांची शाळा हे सगळं त्याच वेळात बसवायचं असतं.

मग स्वतःला ओळखायचं कसं?

मनाला विचारून भागत नसेल, तर वहीला विचारा. १४ दिवस रोज फक्त चार गोष्टी लिहा.

१. झोप कधी लागली, जाग कधी आली.
२. दिवसातून तीन वेळा, १ ते ९ मध्ये आकडा. १ म्हणजे एकदम तरतरीत, ९ म्हणजे डोळे उघडे ठेवणं कठीण. थकव्याच्या अभ्यासात संशोधकही अशीच पट्टी वापरतात.
३. शेवटचा चहा किंवा कॉफी किती वाजता.
४. एका ओळीत, आज कशाने दमवलं आणि कशाने बरं वाटलं.

चुका मोजायलाही विसरू नका. किल्ली विसरणं, एकच मेसेज दोनदा वाचणं, उगाच चिडणं. हाच तुमचा व्हीसीडी.

दोन आठवड्यांनी वही उघडा. काही गोष्टी स्वच्छ दिसतील. उदाहरणार्थ, चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग साधारण ५ तासांनंतरही शरीरात असतो. त्यामुळे पहाटे पाचचा कडक चहा सकाळी नऊची झोप उडवतो. किंवा ज्या दिवशी दुपारी २० मिनिटांची डुलकी झाली, त्या संध्याकाळी आकडा बरा आहे. मग महत्त्वाचं काम, बँक, लांबची बाईक ट्रिप हे सगळं ‘७-८’च्या वेळेत ठेवायचं नाही, हे कोणी सांगावं लागत नाही.

शिफ्ट नसलेल्यांनाही हे लागू आहे. रात्री एक वाजता रील्स बघणाऱ्याचा मेंदूही सकाळी ‘मी ओके’च म्हणतो.

एक सावधगिरी

लिहिणं म्हणजे स्वतःला कोसणं नव्हे. ‘मीच आळशी’ असं वहीत वारंवार येत असेल, तर तेवढं थांबवा. आकडे लिहा, निकाल देऊ नका.

आणि सगळा दोष स्वतःवर घेऊ नका. सलग नाईट, मोडलेली विश्रांती, अपुरी माणसं यांवर उपाय ध्यान किंवा डायरी नाही. तिथे ड्युटीचं वेळापत्रकच बदलावं लागतं. पण ‘साहेब, फार थकवा येतो’ यापेक्षा ‘१४ दिवसांत ९ दिवस ५ तासांपेक्षा कमी झोप’ हे वाक्य जास्त वजनदार असतं.

पुरेशी झोप होऊनही आकडा ७ च्या खाली येत नसेल, किंवा झोपेत घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर डॉक्टरांना भेटा. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह यांतही असाच थकवा येतो. दोन आठवडे मन सतत उदास असेल, तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

तोवर आज रात्री एवढंच करा. झोपण्याआधी एक आकडा लिहा. घरात कोणी नाईट करून आलं असेल, तर त्यांच्या झोपेच्या वेळी दाराची बेल तेवढी बंद ठेवा.