ठेवणीतली बाटली

परवा आमच्याकडे एक बाटली उघडली. लगेच भुवया उंचावू नका हं! नणंदेच्या मुलानं इटलीत शिकत असताना आणलेली, पाच-सहा युरोंची साधी पांढरी वाइन. नाव ओर्व्हिएतो. रोमच्या उत्तरेला, उंब्रिया प्रांतात या नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रेकेत्तो, त्रेबियानो वगैरे द्राक्षांचं हे मिश्रण. बाटलीवर साल २०१६.

'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' असं आपण ऐकलेलं. म्हणून ती ठेवणीत गेली. यांच्या निवृत्तीला उघडू म्हटलं, तेव्हा राहिलं. मग २०२० चा लॉकडाऊन. मग म्हटलं, लेकीच्या लग्नालाच उघडू. तेही झालं, बाटली तशीच. हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या माळ्यावर, गव्हाच्या डब्याशेजारी तिनं सगळे उन्हाळे काढले.

भाचा आला, त्यानं बाटली पाहिली आणि कपाळाला हात लावला. "मामी, अजून ठेवलीत? ही दोन-तीन वर्षांत संपवायची असते!"

बुचाचे तुकडे पडले. ग्लासात फिकट पिवळा रंग दिसायचा, तिथे गडद, तपकिरीकडे झुकलेला. वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. चव बसलेली, फक्त शेवटी जिभेवर किंचित कडवट बदाम रेंगाळला. "तेवढीच मूळची खूण उरलीय," भाचा म्हणाला.

मग त्यानं समजावलं. लाल वाइन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात. सालीतलं तुरट टॅनिन तिला हवेपासून सांभाळतं. पांढरीसाठी बहुतेक वेळा रस आधीच सालीपासून वेगळा करतात, त्यामुळे तो आधार नाही. चांगल्या मोजक्याच वाइन मुरतात. बाकीच्या ताज्या प्यायच्या, त्याही थंड, अंधाऱ्या जागी ठेवून. बुचाची बाटली आडवी ठेवायची, नाहीतर बूच सुकतं आणि हवा आत शिरते.

मला एकदम पटलं. लोणचं मुरतं, पण चैत्रातली कैरीची डाळ? ती त्याच दिवशी खायची!

आपल्या नाशिकच्या शेनिन ब्लाँलाही हाच नियम. आणि इटली काही फार लांब नाही बरं का. आमच्या दारावरून जाणाऱ्या सोलापूर रस्त्यानं निघालं, की पुढे अकलूजचा फाटा लागतो. तिथे मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेची या तीन घरांतल्या भावांनी मिळून 'फ्रातेल्ली' वाइन सुरू केली. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ.

सासूबाई कोपऱ्यातून सगळं ऐकत होत्या. ग्लास हुंगून त्यांनी नाक मुरडलं. मग म्हणाल्या, "माझ्या पैठणीचं असंच झालं गं. जपून जपून दोनदा नेसले. घडीवरच विरली."

कोणी काही बोललं नाही. वाइन बेसिनमध्ये ओतली. थोड्या वेळानं पाहते तर सासूबाईंच्या खांद्यावर पंचाहत्तरीला मिळालेली शाल, कोरी करकरीत. सात वर्षं पिशवीतच होती.

"कुठे निघालात आई?"

"कुठे नाही. दूध आणायला खाली."

मीही उठले. शोकेसमधले काचेचे कप काढले आणि त्यांतच सगळ्यांना चहा दिला. एकाचा कान उडालाय, पण उरलेले पाच रोज वापरतेय.