मदतीच्या पिशवीत नाचणी कशासाठी?



खेड तालुक्याच्या पश्चिमेकडील वाड्यांसाठी पिंपरी-चिंचवडच्या मंडळ्यांतून वस्तू जमा होतात, तेव्हा त्यांत बिस्किटांचे पुडे, नूडल्स आणि साखर हमखास असते. देणारा प्रेमानेच देतो. तरीही या वेळी आम्ही नाचणी, हुलगे, शेंगदाणे आणि गूळ मागितला. "बिस्किटे मुलांना आवडतात, मग नको कशाला?" असे काहींनी विचारले. त्याचे हे उत्तर.

चाकणच्या कारखान्यांपासून भीमाशंकरकडचे डोंगर फार दूर नाहीत. तिथे महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी कुटुंबे राहतात. खाचरात भात आणि उतारावर नाचणी, वरई ही तिथली जुनी पिके. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रामच्या आसपास कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम दहा. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला हा फरक लहान नाही. बिस्किटात मुख्यतः मैदा, साखर आणि तेल. पोट भरल्यासारखे वाटते आणि मूल जेवायला बसत नाही.

मग नाचणी ताटातून मागे का पडली? रेशनवर मुख्यतः तांदूळ आणि गहू मिळतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्यही आहे, पण पिशवीत सहसा येते ते हेच दोन. नाचणीची लावणी, कापणी, झोडणी सगळी हाताची, आणि तरुण हात कंपनीत गेलेले. महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या भाड्याच्या खोलीत रात्रपाळी करून आलेला मुलगा एका शेगडीवर भाकरी थापत बसेल कसा? तो वडापाव खातो. शिवाय काळी भाकरी म्हणजे गरिबाची, ही लाज आहेच. आपण बिस्किटे पाठवून ती लाज थोडी वाढवतो, असे मला वाटते.

अर्थात नुसत्या नाचणीवर भागत नाही. प्रथिनांसाठी डाळ, अंडे, हुलगे हवेत. हुलग्यात शेकडा वीसहून अधिक प्रथिने असतात. पावसाळ्यात कुरडू, टाकळा, भारंगी मिळते, ओढ्याला खेकडे असतात, तेव्हा ताट बरे असते. उन्हाळ्यात रानभाजी संपते, कणगी रिकामी होते. आपली पिशवी तेव्हा पोहोचायला हवी. आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण देणारी सरकारची अमृत आहार योजना 2015 पासून आहे. पण घरातल्या बाकीच्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

हुलगे पाठवणाऱ्यांनी आधी घरी शेंगोळी करून पाहावी. खेड-जुन्नरकडे थंडीत ती आवडीने होते. हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचे पीठ आणि लसूण, मिरची, जिरे, कोथिंबीर यांचे वाटण घालून घट्ट मळावे. हाताला तेल लावून बोटाएवढ्या वळ्या कराव्यात, वाकवून लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात एकेक सोडाव्यात. लगेच ढवळू नये, मोडतात. वीसेक मिनिटांत शिजतात आणि रस्सा आपोआप दाट होतो.

नाचणीची भाकरी तुटते अशी तक्रार बऱ्याच भगिनी करतात. या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पाण्याला उकळी आणून त्यात पीठ घालावे, झाकून वाफ मुरू द्यावी आणि गरम असतानाच मळावे. लहान मुलांसाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळावी. तिची खीर पचायला हलकी असते.

कापणीच्या सणाला मंडळीत धान्य आणण्याची आपली रीत आहेच. यंदा गव्हाच्या पोत्याशेजारी एखादी पायली नाचणीची ठेवा. शक्य असल्यास ती डोंगरातल्या बचतगटाकडूनच घ्या, म्हणजे पैसेही तिकडेच जातील. पीठ मात्र दळून पाठवू नका. पावसाळी हवेत ते लवकर खराब होते, अख्खी नाचणी वर्षानुवर्षे टिकते.