अळंबीचे सार

जपानला जाण्यापूर्वी अळंबी मी फक्त पावसाळ्यात उकिरड्यावर उगवलेली पाहिली होती. आमच्या बडोद्याच्या घरात ती कधी शिजली नाही. मनुस्मृतीने लसूण, कांदा आणि अळंबी एकाच पंगतीला बसवून वर्ज्य केली आहेत. पैकी कांदा-लसूण सासूबाईंच्या हयातीतच, चातुर्मास सोडून, घरात आले. अळंबी उंबऱ्याबाहेरच राहिली.

मुलीच्या बाळंतपणासाठी क्योटोला गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात घोटाळा झाला. एका खानावळीत भाज्यांचे म्हणून जे सार मी दोन वाट्या आवडीने प्याले, त्याचे पाणी बोनिटो माशाचे होते. मासा धुरी देऊन वाळवायचा, त्याचे पातळ पापुद्रे काढायचे आणि ते पाण्यात घालून गाळून घ्यायचे, अशी तिकडची रीत. वर तरंगतात त्या भाज्याच. मुलीला हे ठाऊक होते. "आई, तू उपाशी राहशील म्हणून बोलले नाही," ती म्हणाली. नववा महिना लागलेली पोर, आणि त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही! आज त्याची लाज वाटते. पण मासा पोटात गेल्यापेक्षा ती गोष्ट लपवली, हेच मला जास्त लागले होते.

तोड जावईबापूंनी काढली. तिथल्या बौद्ध मठांतले शोजिन नावाचे जेवण मांसमासळीवाचून होते. त्यातले सार कोंबू हे समुद्रशेवाळ आणि वाळवलेली शिताके अळंबी यांच्या पाण्यावर करतात. दोन्ही जिन्नस आणवले आणि चूल मी हाती घेतली.

चौघांसाठी लिटरभर गार पाण्यात चार-पाच वाळकी शिताके आणि तळहाताएवढा कोंबूचा तुकडा रात्री भिजत घालावा. कोंबूवर पांढरी भुकटी दिसते ती बुरशी नव्हे. धुऊ नये, ओल्या फडक्याने नुसते टिपावे. सकाळी पातेले अगदी मंद आचेवर ठेवावे आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागताच कोंबू काढून घ्यावा. पहिल्या खेपेस मी तो आपल्या डाळीसारखा खळखळून उकळला; सार बुळबुळीत आणि कडवट झाले. अळंबीचे देठ चिवट असतात, ते कापून टाकावेत आणि टोप्यांच्या चकत्या करून परत त्याच पाण्यात शिजवाव्यात. शेवटी मीठ आणि दोन चमचे सोयाचा रस. क्योटोत हा रस फिकट रंगाचा वापरतात, पण तो गडद रसाहून खारट असतो, तेव्हा मीठ जपून. फोडणी नाही, हिंग नाही. माझा हात दोनदा मोहरीकडे गेला.

एवढ्याशा जिनसांत चव येते कुठून? इकेदा यांनी १९०८ साली तोक्योत कोंबूमधून ग्लुटामेट वेगळे काढून त्या चवीला उमामी नाव दिले. शिताकेतला ग्वानिलेट कुनिनाका यांनी १९५७ साली दाखवला. दोन्ही एकत्र आले की चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते, असे जावईबापूंनी समजावले. आपल्या टोमॅटोच्या सारातही तेच ग्लुटामेट आहे म्हणे.

एक जुनी हकीकतही त्यांनीच सांगितली. झेन आचार्य दोगेन १२२३ साली चीनला पोचले, तेव्हा बंदरातल्या जहाजावर एकसष्ट वर्षांचा एक मठातला आचारी जपानी अळंबी विकत घ्यायला आला. भिक्षूंना दुसऱ्या दिवशी शेवयांचे सार वाढायचे होते. या वयात ध्यान सोडून स्वयंपाक कशाला, असे दोगेननी विचारले. म्हातारा हसला आणि रात्र पडण्याआधी परत निघाला. पुढे १२३७ साली दोगेननी मठाच्या आचाऱ्यांसाठी पुस्तक लिहिले, त्यात ही भेट आहे.

नात झाल्यावर तिसऱ्या दिवशी मुलीने सार मागितले. मी केले. तिने वाटी तोंडाला लावण्यापूर्वी माझ्याकडे पाहून विचारले, "यात काय काय आहे?" मी सगळे सांगितले, मीठसुद्धा.

बडोद्याला परतल्यावर थोरल्या जाऊबाईंपुढे वाटी ठेवली. त्यांनी वास घेतला. "तू पी हो. मला आपले आमसुलाचे दे." मग दुसऱ्या शेगडीवर तेही ठेवले.