खोकला फरशीखालून येतो तेव्हा

शुक्रवार पेठेतला नऊ वर्षांचा एक मुलगा जवळजवळ सहा महिने माझ्या दवाखान्यात येत होता. दिवसा ठणठणीत, रात्री अंथरुणावर पडला की खोकला आणि छातीत घरघर. औषधाने आठवडाभर बरे वाटे, मग पुन्हा तेच. शेवटी त्याची आजीच म्हणाली, "डॉक्टर, पुरानंतर खोलीचा तळ नवा केला, तेव्हापास्नं हे चाललंय बघा." तो झोपतो कुठे, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते.

घरी जाऊन पाहिले. २०२१ च्या महापुरात भिजलेल्या शहाबादी फरशीवरच प्लायवूड टाकून वर विनाईलची चटई चिकटवली होती. दिसायला खोली झकास. सुताराने एक कोपरा उचलला, तर खालचे प्लाय बुरशीने काळे पडलेले आणि कुबट वास!

असे का झाले? जमिनीतली ओल फरशीच्या सांध्यांतून हळूहळू वर येते आणि हवेत उडून जाते. वर चटई चिकटवली की ती कोंडते. लाकूड हे बुरशीचे खाद्यच. तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत जातात आणि दम्याची प्रवृत्ती असलेल्यांच्या श्वासनलिका आकुंचन पावतात. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्या मुलाला तर रात्रभर तीच हवा. ओल व बुरशी असलेल्या घरांत श्वसनाच्या तक्रारी आणि दमा अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ मध्ये नमूद केले आहे.

म्हणून फरशीचा रंग निवडण्याआधी ओल तपासा. हातभर प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा. दुसऱ्या दिवशी खालच्या बाजूला पाणी दिसले, तर ओल जमिनीतून येत आहे.

तळमजल्याची खोली : प्लाय नकोच. जुना ओला भराव काढून मुरूम ठोकावा. त्यावर दगडी सोलिंग, वाळूचा थर, जाड प्लॅस्टिकचा कागद आणि मग काँक्रीट. ते पुरते वाळल्यावरच फरशी बसवावी. मात्र जुन्या दगडमातीच्या भिंतींत ओल अडवणारा थर नसतो; खाली अडलेली ओल भिंतीत चढू शकते. त्यामुळे पागोळ्यांचे पाणी आणि गळकी मोरी यांचा बंदोबस्त आधी करावा. घरात वृद्ध असतील तर गुळगुळीत फरशी टाळावी. ओल्या पायाने घसरून खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो.

माडीवरची खोली : जुन्या कडीपाटावर काँक्रीट ओतू नये. दहा बाय बाराच्या खोलीत एक इंचाच्या थराचेच वजन पावणेसात क्विंटलच्या आसपास भरते. भिंतीत गेलेली तुळयांची टोके वाळवीने पोखरली आहेत का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. इथे फळ्या किंवा पाण्याला टिकणारे, आयएस ७१० चा शिक्का असलेले प्लाय चालते. हलक्या प्लायच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड वायू अधिक सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. प्लाय कोणतेही असो, खिडक्या उघड्या ठेवून वास गेल्याशिवाय तिथे झोपू नये.

हे काम दिवाळीनंतर काढावे. पावसाळ्यात काहीच धड वाळत नाही. जुना तळ उकरताना पाणी शिंपडावे, नाकातोंडावर मास्क लावावा आणि दमेकऱ्याला तेवढे दिवस नातेवाइकांकडे पाठवावे.

त्या मुलाचे अंथरूण त्याच रात्री माडीवर हलवले. उन्हाळ्यात खालचे प्लाय निघाले आणि तळ नव्याने झाला. दम्याचा पंप अजून सुरू आहे. तो आपल्या मनाने बंद करू नये, हे मी बजावले आहे. पण आता तो रात्री सलग झोपतो आणि त्याची आजीही.